पान्हा, माज आणि मेंदू

मुंबई आणि ठाणे या शहरांना रोज लागणाऱ्या दुधाचा काही हिस्सा आजही शहराच्या वेशीवरच्या तबेल्यांतून येतो, आणि ठाणे जिल्ह्यातील कल्याण-भिवंडीचा पट्टा म्हशींच्या अशा तबेल्यांसाठी पूर्वीपासून परिचित आहे. यंत्रमाग, गोदामे आणि वाढती वस्ती यांच्या दाटीत दावणीला उभी असलेली म्हैस बहुधा मुऱ्हा, जाफराबादी किंवा मेहसाणा जातीची, हरियाणा वा गुजरातेतून विकत आणलेली असते, आणि तिच्याकडून मालकाच्या दोनच अपेक्षा असतात: तिने दोन्ही वेळच्या धारेला पूर्ण पान्हा सोडावा आणि व्याल्यानंतर वेळेत माजावर येऊन पुन्हा गाभण राहावे. पहिली गोष्ट कासेत आणि दुसरी बीजांडकोशात घडताना दिसत असली, तरी दोन्हींचा हुकूम सुटतो तो मेंदूच्या तळाशी असलेल्या एका छोट्या भागातून, आणि तो हुकूम वाहून नेणारे रेणू म्हणजे मेंदूत तयार होणारे पेप्टाइड. हा हुकूम कसा सुटतो, कशाने अडतो आणि इंजेक्शनने त्याची नक्कल केली असता काय साधते व काय साधत नाही, हे समजले म्हणजे गोठ्यातील अनेक रोजच्या अडचणींची कारणे उलगडतात.

हुकूम देणारा आणि पाळणारा

मेंदूच्या तळाशी अधश्चेतक म्हणजेच हायपोथॅलॅमस हा भाग असतो आणि त्याच्याखाली एका बारीक देठाने लोंबणारी पीयूषिका ग्रंथी असते. पीयूषिकेचे दोन खंड अगदी वेगळ्या रीतीने काम करतात. मागचा खंड हा खरे तर मेंदूचाच वाढलेला भाग असून अधश्चेतकातील मज्जापेशींचे लांब तंतू थेट तिथे येऊन संपतात, आणि पान्ह्याला कारण होणारे ऑक्सिटोसिन व शरीरातील पाणी राखणारे व्हॅसोप्रेसिन ही दोन संप्रेरके त्या तंतूंच्या टोकांतून रक्तात सोडली जातात. पुढच्या खंडात मात्र स्वतःच्या ग्रंथीपेशी असतात. त्या वाढीचे संप्रेरक, दुग्धनिर्मितीला लागणारे प्रोलॅक्टिन, थायरॉइड ग्रंथीला चालना देणारे टीएसएच, अधिवृक्क ग्रंथीला चालना देणारे एसीटीएच आणि बीजांडकोशावर काम करणारी एफएसएच व एलएच ही दोन संप्रेरके तयार करतात. पण ती केव्हा आणि किती सोडायची याचा निर्णय त्या पेशी स्वतः घेत नाहीत.

तो निर्णय पेप्टाइडांमार्फत येतो. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांचीच छोटी साखळी म्हणजे पेप्टाइड. अधश्चेतकातील मज्जापेशी असे पेप्टाइड अत्यल्प प्रमाणात देठाजवळच्या सूक्ष्म केशवाहिन्यांत सोडतात, तिथून ते काही खास शिरांमधून थेट पीयूषिकेच्या पुढच्या खंडात उतरतात आणि तिथे पुन्हा केशवाहिन्यांच्या जाळ्यात पसरतात. कालव्याचे पाणी नदीत न मिसळता थेट वाफ्यात सोडावे, तसा हा मार्ग आहे. शरीरभर फिरणाऱ्या रक्तात मिसळले असते तर हे पेप्टाइड इतके विरळ झाले असते की त्यांचा काहीच परिणाम झाला नसता.

कत्तलखान्यातून आलेले ज्ञान

या शिरांच्या जाळ्याचे वर्णन पोपा आणि फील्डिंग यांनी १९३० मध्ये केले होते, परंतु मेंदू पीयूषिकेला रक्तातून रासायनिक संदेश पाठवतो ही कल्पना प्रयोगांच्या आधारे ठामपणे मांडली ती इंग्लंडमधील शरीरक्रियाशास्त्रज्ञ जेफ्री हॅरिस यांनी. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला, पण त्या वेळी असा एकही रासायनिक पदार्थ कोणी शुद्ध रूपात हाती धरलेला नव्हता, त्यामुळे शंका घेणारेही पुष्कळ होते.

पुढची सुमारे पंधरा वर्षे अमेरिकेत रॉजर गिलेमिन आणि अँड्र्यू शाली या दोघांच्या प्रयोगशाळांत या पदार्थांसाठी चुरशीची स्पर्धा चालली. या विषयातील मूळ ज्ञान पाळीव जनावरांच्याच शरीरातून आले, हे इथे ध्यानात घेण्यासारखे आहे. गिलेमिन यांनी कत्तलखान्यांतून मेंढ्यांच्या मेंदूंचे लाखो तुकडे गोळा केले आणि शाली यांनी डुकरांचे. एका मेंदूत हवा तो पेप्टाइड इतका कमी असतो की लाखो मेंदू निथळल्यावर हाती येणारा ऐवज मिलिग्रॅममध्ये मोजावा लागे. टीएसएचला चालना देणारा टीआरएच हा केवळ ३ अमिनो आम्लांचा पेप्टाइड १९६९ मध्ये उलगडला, १९७१ मध्ये प्रजननाचा कळीचा पेप्टाइड जीएनआरएच हा १० अमिनो आम्लांचा असल्याचे सिद्ध झाले, आणि १९७३ मध्ये वाढीच्या संप्रेरकाला आवर घालणारा सोमॅटोस्टॅटिन सापडला. गिलेमिन आणि शाली यांना १९७७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि रक्तातील अशा अत्यल्प पदार्थांचे मोजमाप करण्याची पद्धत विकसित करणाऱ्या रोझलिन यालो यांनाही त्याच वर्षी त्याच पारितोषिकाचा वाटा मिळाला. त्यानंतर १९८१ मध्ये वायली वेल यांच्या गटाने मेंढीच्याच मेंदूतून ताणाच्या वेळी काम करणारा ४१ अमिनो आम्लांचा सीआरएच वेगळा केला.

पान्ह्याची साखळी

ऑक्सिटोसिन हा ९ अमिनो आम्लांचा पेप्टाइड आहे आणि तो प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या घडवण्याचे काम व्हिन्सेंट दु विन्यो यांनी १९५३ मध्ये केले, ज्यासाठी त्यांना १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पारडू सडाला लुचू लागले किंवा गवळ्याचा हात कासेला लागला की सडाच्या त्वचेतील मज्जातंतूंतून संवेदना पाठीच्या कण्यावाटे अधश्चेतकापर्यंत जाते, तिथल्या पेशी एकदम ऑक्सिटोसिन सोडतात, ते रक्तातून कासेत पोहोचते आणि दुधाच्या सूक्ष्म पिशव्यांभोवती असलेल्या आकुंचनशील पेशी आवळल्या जाऊन दूध नलिकांमध्ये उतरते. ऑक्सिटोसिन रक्तात काही मिनिटांतच निम्म्याने ओसरते, म्हणून पान्हा उतरल्यानंतर धार वेगाने आणि अखंड काढली नाही तर उरलेले दूध कासेतच राहते.

म्हशीच्या बाबतीत ही साखळी गाईपेक्षाही महत्त्वाची ठरते. गाईच्या कासेतील सुमारे पाचवा हिस्सा दूध धारेच्या आधीच कासेच्या पोकळीत उतरून तयार असते आणि ते पान्ह्याची वाट न पाहता काढता येते. मुऱ्हा म्हशींमध्ये मात्र हे प्रमाण जेमतेम ५ टक्के आढळले आहे. म्हणजे म्हशीचे जवळजवळ सगळे दूध त्या सूक्ष्म पिशव्यांत अडकून असते आणि मेंदूने ऑक्सिटोसिन सोडल्याखेरीज ते हाती लागत नाही. गाईची धार काढण्याची सवय असलेल्या माणसाला म्हैस हट्टी वाटते, ती पान्हा चोरते असे म्हटले जाते, त्याचे मूळ तिच्या स्वभावात नसून तिच्या कासेच्या रचनेत आहे.

ऑक्सिटोसिन सोडण्यासाठी मेंदूला दरवेळी सडाचा स्पर्शच लागतो असे नाही, कारण जनावर शिकते. चरवीचा आवाज, आंबोणाची पाटी, नेहमीच्या माणसाची चाहूल यांची पान्ह्याशी सांगड बसली की ती खूण मिळताच पान्हा उतरू लागतो. कोल्हापुरात गंगावेशीसारख्या ठिकाणी म्हशी रस्त्यावर आणून गिऱ्हाईकासमोर धारोष्ण दूध काढून देण्याची परंपरा आहे, आणि तिच्यासाठी नावाजलेली पंढरपुरी म्हैस दिवसातून अनेकदा, थोडे थोडे, अनोळखी गर्दीतही दूध देते. वर्षानुवर्षांच्या निवडीने आणि सवयीने एखाद्या जातीच्या मेंदूत ही प्रतिक्रिया किती पक्की बसू शकते, याचा यापेक्षा चांगला पुरावा महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही.

याची उलट बाजू १९४१ मध्ये अमेरिकेतील ईली आणि पीटरसन यांच्या प्रयोगात दिसली. त्यांनी धारेच्या आधी गाईच्या पाठीवर मांजर ठेवले आणि कागदी पिशव्या फोडून तिला दचकवले, तेव्हा तिचा पान्हा अडला. भीतीच्या क्षणी अधिवृक्क ग्रंथीतून सुटणारे अॅड्रेनालिन कासेतील रक्तप्रवाह आखडते आणि ऑक्सिटोसिनला त्याचे काम करू देत नाही. तीव्र ताणात तर मेंदू मुळात ऑक्सिटोसिन सोडतच नाही. नव्या तबेल्यात नुकतीच आणलेली, पारडाविना राहिलेली, प्रवासाने शिणलेली म्हैस दूध का आखडते, याचे उत्तर या प्रयोगात आहे.

फुंक्यापासून इंजेक्शनपर्यंत

तबेल्याच्या अर्थकारणात पारडाला जागा नसते. रेडा असेल तर तो मालकाला ओझेच वाटतो, पारडी असली तरी ती वाढवण्याइतकी जागा आणि चारा शहरालगत परवडत नाही, त्यामुळे बरीच पारडे लवकर मरतात आणि पान्ह्याची नैसर्गिक खूणच नाहीशी होते. या अडचणीवर जुन्या काळी काही गवळी फुंक्याचा उपाय करीत, म्हणजे जनावराच्या योनिमार्गात हवा फुंकून दूध उतरवीत. प्रजननमार्ग ताणला गेला की तिथूनही मज्जातंतूंवाटे अधश्चेतकाला संवेदना जाते आणि ऑक्सिटोसिन सुटते. निसर्गाने ती वाट वेण्यासाठी ठेवलेली आहे, फुंक्याने तिचा दुरुपयोग होत असे. दक्षिण आफ्रिकेत असताना दूध वर्ज्य करणाऱ्या गांधीजींच्या मनात दुधाविषयी जो तिटकारा बसला, त्यात फुंक्याची माहिती हे एक महत्त्वाचे कारण होते, आणि पुढे १९१८ च्या आजारपणानंतर मुंबईत डॉ. दलाल यांच्या आग्रहाखातर त्यांनी शेळीचे दूध घेतले ते कस्तुरबांनी वाट सुचवल्यावर.

ऑक्सिटोसिन स्वस्तात मिळू लागल्यावर फुंक्याची जागा इंजेक्शनने घेतली. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याचे १२ वे कलम फुंक्यासह, जनावराच्या आरोग्याला अपायकारक असे कोणतेही इंजेक्शन दूध वाढवण्यासाठी देणे हा गुन्हा ठरवते. केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये ऑक्सिटोसिनचे देशांतर्गत उत्पादन सरकारी क्षेत्रापुरते मर्यादित करणारी अधिसूचना काढली, पण बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवण्यासाठी हेच औषध प्राण वाचवते, त्याचा तुटवडा पडेल, या चिंतेने प्रकरण न्यायालयात गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये ती अधिसूचना रद्द केली आणि त्यानंतर हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला.

शास्त्राच्या बाजूने यात तीन गोष्टी स्पष्ट आहेत. पहिली, ऑक्सिटोसिन उतरवते ते आधीच तयार झालेले दूध. दूध तयार करण्याचे काम कासेतील पेशींचे, आणि त्यांना त्यासाठी चारा, पाणी व प्रोलॅक्टिनसारखी संप्रेरके लागतात. दुसरी, रूपर्ट ब्रुकमायर यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की रोज बाहेरून ऑक्सिटोसिन दिलेल्या गाईंचा स्वाभाविक पान्हा कमी होत जातो, म्हणजे सुईची सवय लागलेली म्हैस हळूहळू सुईवाचून पान्हवत नाही. तिसरी, पोटात गेलेला एवढा लहान पेप्टाइड पाचकरसांनी तुटतो, म्हणून हा प्रश्न दूध पिणाऱ्याच्या आरोग्याआधी दूध देणाऱ्या जनावराच्या आरोग्याचा आहे. इंजेक्शनच्या सवयीने मालक म्हशीच्या मेंदूची स्वतःची यंत्रणा निकामी करून घेतो, आणि हे नुकसान त्याच्या हिशेबाच्या वहीत कधी दिसत नाही.

माजाचे ठोके

प्रजननाची बाजू अधिक गुंतागुंतीची आहे. जीएनआरएच हा पेप्टाइड सतत झिरपत नाही, तो ठोक्याठोक्याने सुटतो, आणि प्रत्येक ठोक्याला पीयूषिका एलएचचा एक ठोका देऊन उत्तर देते. ऑस्ट्रेलियात क्लार्क आणि कमिन्स यांनी १९८२ मध्ये जाग्या, उभ्या मेंढीच्या पीयूषिकेकडे जाणाऱ्या शिरांतील रक्त घेऊन हे ठोके एकापाठोपाठ एक जुळताना दाखवून दिले. ठोके विरळ असतील तर बीजांडकोशातील पुटके, म्हणजे स्त्रीबीज धारण करणारे द्रवाने भरलेले फोड, पूर्ण पिकत नाहीत. ठोके दाट झाले की एक पुटक मोठे होते, त्यातून इस्ट्रोजेन वाढते, माजाची लक्षणे दिसतात आणि शेवटी जीएनआरएचची मोठी लाट येऊन एलएचचा पूर सुटतो व स्त्रीबीज बाहेर पडते. हाच पेप्टाइड अखंड देत राहिले तर मात्र पीयूषिकेच्या पेशी त्याला दाद देईनाशा होतात आणि सारे चक्र थंडावते. संदेश काय आहे याइतकेच तो कोणत्या लयीत येतो यालाही महत्त्व असल्याचे इतके स्वच्छ उदाहरण शरीरशास्त्रात क्वचितच सापडते.

ही लय कोण ठरवतो, याचे उत्तर चालू शतकाच्या पहिल्या दशकात मिळू लागले. किसपेप्टिन नावाच्या पेप्टाइडाविना प्रजननक्षमता येत नाही हे माणसात आणि उंदरात २००३ मध्ये दिसून आले, आणि पुढे मेंढीच्या अधश्चेतकातील एकाच पेशीसमूहात किसपेप्टिन, न्यूरोकायनिन-बी आणि डायनॉर्फिन हे तीन पेप्टाइड एकत्र असल्याचे आढळले, त्यातील दोन ठोका सुरू करतात आणि डायनॉर्फिन तो थांबवते. विणीच्या हंगामाबाहेर शांत पडलेल्या मेंढ्यांना किसपेप्टिन देऊन त्यांच्यात स्त्रीबीज सुटवण्याचे प्रयोगही यशस्वी झाले आहेत.

या पेशीसमूहापर्यंत जनावराच्या साऱ्या परिस्थितीची खबर पोहोचते. व्याल्यानंतर दूध भरपूर आणि खाणे अपुरे असेल, तर अंगातील साठा घटल्याचे मेंदूला समजते व जीएनआरएचचे ठोके विरळ होतात. पारडू सतत पाजत ठेवल्यास मेंदूतील अफूसदृश पेप्टाइड ठोके दाबून ठेवतात, त्यामुळे पाजणाऱ्या म्हशी उशिरा माजावर येतात. पारडामुळे पान्हा सुकर होतो आणि त्याच पारडामुळे माज लांबतो, म्हणून पारडाला धारेच्या वेळीच थोडे पाजण्याची जुनी रीत शास्त्राला धरून आहे. ताण असेल तर सीआरएच वाढतो, एसीटीएच आणि कॉर्टिसॉल वाढते आणि प्रजननाची यंत्रणा मागे सारली जाते. उजेडाचाही हिशेब मेंदू ठेवतो. भिवंडीच्या अक्षांशावर दिवस हिवाळ्यात सुमारे ११ तासांचा आणि जूनमध्ये सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, आणि म्हैस हे दिवस लहान होताना चांगले माजणारे जनावर असल्याने तिची गर्भधारणा पावसाळ्याच्या अखेरीपासून थंडीपर्यंत अधिक होते. काळी कातडी आणि गाईपेक्षा कमी घामग्रंथी यांमुळे उन्हाळ्यात ती लवकर तापते, तिच्या रक्तातील प्रोलॅक्टिन वाढते आणि माज मुका होतो, म्हणजे बीजांडकोशात बदल घडतात पण ओरडणे, सोट टाकणे ही लक्षणे दिसत नाहीत.

अशा वेळी पशुवैद्य जीएनआरएचची नक्कल असलेल्या बुसेरेलिनसारख्या औषधांचा आधार घेतात. १९९५ मध्ये अमेरिकेत मांडलेल्या ओव्हसिंक पद्धतीत पहिल्या दिवशी जीएनआरएच, ७ दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन, सुमारे दोन दिवसांनी पुन्हा जीएनआरएच आणि त्यानंतर साधारण १६ ते २४ तासांत कृत्रिम रेतन असा क्रम असतो, त्यामुळे माज न ओळखताही रेतनाची वेळ साधता येते. ज्या म्हशीचे चक्र चालू आहे आणि फक्त माज मुका आहे तिला याचा उपयोग होतो; जिचे बीजांडकोश उपासमारीने वा उन्हाने निपचित झाले आहेत तिला नुसत्या जीएनआरएचने फारसा लाभ होत नाही, तिला आधी प्रोजेस्टेरॉनचा आधार आणि त्याच्याही आधी चारा व गारवा द्यावा लागतो.

तबेल्यात काय बदलता येईल

२०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे ५६ लाख म्हशी आहेत. मुंबईच्या परळमधील पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून पशुवैद्य घडवत आहे, आणि शहरातील तबेल्यांची गर्दी हलवण्यासाठी १९४९ मध्ये दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या आरे दुग्धवसाहतीचा अनुभवही जवळच आहे. ज्ञान आणि संस्था यांची उणीव नाही. उणीव आहे ती हे ज्ञान दावणीपर्यंत नेण्याची.

त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी खर्चिक नाहीत. धारेच्या आधी कास कोमट पाण्याने धुऊन, सडांना थोडा वेळ मालिश करून, आंबोण पुढे ठेवून, रोज त्याच वेळी आणि शक्यतो त्याच माणसाने धार काढावी. म्हशीला पान्हवायला गाईपेक्षा अधिक वेळ लागतो हे धरून चालावे. काठी, आरडाओरडा आणि धारेच्या वेळची धावपळ बंद करावी. वैशाखात दुपारी अंगावर पाणी मारावे, छपराला सावली व वारा द्यावा, व्याल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत खुराक आखडू नये आणि मुका माज हेरण्यासाठी पहाटे व रात्री म्हशीकडे लक्ष ठेवावे. ऑक्सिटोसिन केवळ पशुवैद्याच्या हातून, वेण्यातील अडचण किंवा तशाच आजारासाठी वापरावे. दूध घेणाऱ्या कुटुंबांनीही आपला गवळी दूध कसे काढतो, पारडू जगवतो की नाही, हे विचारायला हवे, कारण गिऱ्हाईक विचारू लागले की तबेल्याची रीत बदलते. म्हशीच्या मेंदूतील पेप्टाइड तिला मिळणाऱ्या वागणुकीला उत्तर देतात; ती वागणूक सुधारणे मालकाच्या हातात आहे, आणि त्याचा लाभ दुधाच्या चरवीत आणि गाभण म्हशींच्या संख्येत प्रथम त्यालाच मिळणार आहे.